चिंध्यांची पॅचवर्क पिशवी: बिघडते कुठे आणि कोणत्या क्रमाने शिवायची

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी माझ्याकडे तीन पिशव्या दुरुस्तीला आल्या, तिन्ही घरी शिवलेल्या, तिन्ही चिंध्या जोडून. एकीची बाहेरची बाजू पहिल्याच धुण्यात आटली होती आणि अस्तर आत गोळा होऊन लोंबत होतं. दुसरीचा बंद, म्हणजे धरायचा पट्टा, नारळ घेऊन येताना भर बाजारात सुटला. तिसरीची पुढची बाजू मागच्यापेक्षा पाऊण इंच मोठी, त्यामुळे खाली ठेवली की एका अंगाला कलंडायची. तिघींचीही टीप सरळ होती, हात चांगला होता, चुकलं होतं ते कशाच्या आधी काय करायचं हे. म्हणून इथे मी क्रमावर जास्त लिहितेय, आणि तयारीवर तर फारच जास्त, कारण या पिशवीचं निम्मं काम मशीनला हात लावायच्या आधीच होतं.

लागणारं सामान आणि माप

तयार पिशवी साधारण साडेचौदा इंच उंच होते, तोंड सपाट धरलं तर साडेपंधरा इंच रुंद आणि तळ ४ इंच. प्रत्येक बाजूला वर १२ चौकोन (आडवे ४, उभे ३) आणि खाली जीन्सच्या कापडाची एक पट्टी. तळाला चौकोन घेऊ नका, तळच जमिनीवर घासतो आणि तिथेच शिवणी आधी उसवतात.

खाली दिलेली मापं कापायची आहेत, मार्जिन (शिवणीसाठी कडेला सोडायची जागा) त्यात धरलेलं आहे, वर आणखी वाढवू नका:

चौकोन साडेचार इंची, एकूण २४, आणि चार-पाच जास्तीचे
जीन्सच्या पट्ट्या २, प्रत्येकी साडेसोळा बाय ६ इंच
मांजरपाट (कोरं जाडसर सुती कापड) २ तुकडे, प्रत्येकी १८ बाय १९ इंच (पाऊण मीटर आणा, आटतं)
बंदासाठी सुती कापडाच्या पट्ट्या २, प्रत्येकी ३० बाय सव्वाचार इंच, आणि आत घालायला एक इंची जाड सुती नवार, पावणेदोन मीटर
अस्तरासाठी पाऊण मीटर सुती कापड, हे मात्र आत्ता कापायचं नाही

अस्तर का कापायचं नाही ते पुढे येईलच, पण आधीच सांगून ठेवते कारण सगळ्यात जास्त लोक इथेच घाई करतात.

१. चिंध्या निवडा, वजन बघून

टेलरकडे मागितलं तर पिशवीभर कातरण मिळतं, बहुतेक ब्लाऊजपीसचं नाहीतर शर्टिंगचं. घरातल्या जुन्या कॉटनच्या साड्या, कुर्ते, उशीचे अभ्रे हेही चालतात. रंग जुळतोय का हे आपण आधी बघतो, पण आधी बघायचं असतं ते कापडाचं वजन. रुबियाचा पातळ तुकडा आणि पडद्याचं जाड कापड शेजारी शेजारी शिवलं की जाड कापड पातळाला ओढतं, पातळाला सुरकुत्या पडतात आणि काही महिन्यांत शिवणीलगतच ते विरतं. दोन तुकडे दोन बोटांत धरून चोळा, साधारण सारखे लागले तर ठेवा.

जॉर्जेट, नायलॉन, सॅटिन या पिशवीत नको. इस्त्रीला ती कॉटनइतकी उष्णता सोसत नाहीत आणि आपल्याला इस्त्री सतत लागणार आहे. भरजरी साडीचा काठ घालायचा मोह होतो, मला माहीत आहे, पण जरीचा काठ बाकी कापडासारखा धुता येत नाही. तो काठ दुसऱ्या कशाला तरी ठेवा.

जुनं कापड असेल तर प्रत्येक तुकडा उजेडासमोर धरा. साडी जिथे वर्षानुवर्षं घडी घालून ठेवलेली असते त्या घडीवर ती विरलेली असते, ते लांबून दिसत नाही. मग दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवून तुकडा झटक्यात ओढा, उभा आणि आडवा दोन्ही. टर्रकन आवाज आला तर तो फडक्याला.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे, पावसाळा. जूनपासून कातरण प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं असेल तर गणपतीपर्यंत त्याला कुबट वास आणि काळे ठिपके आलेले असतात. नुसता वास असेल तर धुऊन कडक उन्हात घातल्यावर जातो, काळे ठिपके बहुतेक जात नाहीत आणि तिथलं कापड कमजोरही झालेलं असू शकतं, तेव्हा तेवढा भाग सोडून कापा.

२. धुणं आणि इस्त्री: हे टाळलं तर पुढचं सगळं वाया

सगळं धुवायचं. नवं कोरंसुद्धा, अस्तराचं कापडसुद्धा, नवारसुद्धा. कॉटन पहिल्या पाण्यात आटतं, आणि प्रत्येक कापड वेगवेगळं आटतं, खरी अडचण तीच आहे. मांजरपाटाला तर खळ असते, ते रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला, सकाळी चोळून धुवा, पाणी गढूळ निघेल ते बघाच. जीन्स वेगळी धुवा, तिचा निळा रंग सगळ्यांना लागतो.

लहान तुकडे तसेच बादलीत टाकले की कडेचे धागे सुटून त्यांचा गुंता होतो. एका उशीच्या अभ्र्यात भरून तोंड बांधा आणि हलक्या हाताने धुवा. चारही कोपरे जरासे तिरके छाटले तर धागे कमी सुटतात.

रंगाची परीक्षा इथेच. पांढऱ्या सुती फडक्याचा तुकडा ओला करून पिळा, रंगीत कापडावर ठेवा, वरून गरम इस्त्री दोन-तीनदा दाबा. पांढऱ्यावर डाग उतरला तर ते कापड पुन्हा धुवा, पुन्हा तपासा, तिसऱ्यांदाही उतरला तर नाद सोडा. मीठ घालून रंग पक्का होतो असं सांगतात, त्यावर विसंबू नका. मी एकदा कुणबी साडीचा लाल चौकड्यांचा तुकडा न तपासता पांढऱ्या पॉपलिनशेजारी लावला होता, पहिल्या पावसात पिशवी भिजली आणि पांढरे चारही चौकोन गुलाबी झाले. तो लाल तुकडा मला फार आवडायचा म्हणूनच मी तपासलं नव्हतं, हे आजही आठवतं.

वाळत आल्यावर, किंचित ओलसर असतानाच, इस्त्री करा. इस्त्री सरकवत नेऊ नका, उचला आणि दाबा, सरकवली की कापड तिरकं ताणतं आणि मग चौकोन चौकोन राहत नाही.

सावध: चुरगळलेल्या कापडावर खडूने माप काढलं तर इस्त्री केल्यावर तो तुकडा मोठा निघतो. "नंतर सगळ्याला एकदमच इस्त्री करू" असं चालत नाही.

३. कापणं

साचा करा, म्हणजे २४ वेळा टेप लावावी लागणार नाही. पुठ्ठ्याचा साचा पाच-सहा वेळा खडू फिरवला की कोपऱ्यात झिजतो, त्यापेक्षा जुन्या प्लास्टिक फाईलच्या कव्हराचा साडेचार इंची चौकोन कापा. दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले तर साचा बरोबर. आरपार दिसत असल्याने फूल नेमकं मध्ये घेता येतं हा आणखी एक फायदा.

साचा कापडाच्या उभ्या धाग्याला समांतर ठेवायचा. कातरणाला किनार नसते तेव्हा उभा धागा कळत नाही, मग कापड दोन्ही दिशांना हलकं ओढून बघा, कमी ताणतो तो बहुधा उभा. तिरका मात्र चुकूनही नको, उरेब कापलेला चौकोन शिवताना रबरासारखा वाढतो. चौकड्यांचं कापड असेल तर आधी ओढून सरळ करा आणि चौकडीच्या रेषेवरच कापा, नाहीतर माप बरोबर असूनही डोळ्याला तिरकंच दिसतं.

एका वेळी एकच थर कापा. चार घड्या घालून एकदम कापले तर वरचा आणि खालचा तुकडा सारखा येत नाही.

तपासा: सगळे चौकोन एकावर एक रचा आणि चारही बाजूंनी बघा. जो बाहेर डोकावतोय तो छाटा, जो आत राहतोय तो काढून जास्तीच्यातला घ्या. इथे पाच मिनिटं लागतात, पुढे उसवायला तास जातो.

४. मांडणी

जमिनीवर चादर पसरा आणि दोन्ही बाजू पूर्ण मांडा, पंखा बंद करून. गडद आणि फिके तुकडे आलटून पालटून आले की मांडणी सुटसुटीत दिसते. मांडल्यावर मोबाईलवर फोटो काढा, फोटोत चूक लगेच दिसते, दोन सारखे तुकडे शेजारी आलेत किंवा सगळे गडद एकाच कोपऱ्यात गेलेत वगैरे. प्रिंटला वर-खाली असेल, मासे, पक्षी, नारळाची झाडं, तर सगळी डोकी वर आहेत ना ते बघा.

मग प्रत्येक आडव्या ओळीचे चार तुकडे डावीकडून उजवीकडे क्रमाने रचून एका टाचणीने टाचा आणि वर चिठ्ठी लावा: पुढची १, पुढची २, असं. हे केलं नाही तर मशीनपर्यंत जाईस्तोवर ओळ उलटी होते.

सावध: टाचण्या कापडात लावून आठवडाभर ठेवू नका. पावसाळी हवेत त्यांना गंज येतो आणि गंजाचा ठिपका कापडातून जात नाही.

५. मशीन तयार करा, मग चौकोन जोडा

नवी सुई घाला, १४ नंबर. कापडात शिरताना टुक टुक आवाज येत असेल तर सुई बोथट आहे. मशीनला तेल दिलं असेल तर आधी फडक्यावर बऱ्याच टिपा मारा, तेलाचा डाग पहिल्या चांगल्या तुकड्यावर पडतोच पडतो. दोरा पॉलिएस्टरचा घ्या, आजीच्या डब्यातलं जुनं सुती रीळ नको. हाताने ओढून तुटला तो दोरा पिशवीत काय टिकणार. एका इंचात ११-१२ टाके बसतील असं ठेवा.

चौकोन जोडताना मार्जिन पाव इंच. सुईपासून टेपने पाव इंच मोजा आणि मशीनच्या पाट्यावर तिथे चिकटपट्टीचा जाडसर तुकडा लावा, कापडाची कड त्याला टेकवून शिवायचं. दाबपट्टीची (कापड दाबून धरणाऱ्या मशीनच्या पायाची) कड म्हणजे पाव इंच असं गृहीत धरू नका, प्रत्येक मशीनची वेगळी असते.

तपासा: टाकाऊ कापडाचे तीन साडेचार इंची चौकोन ओळीत जोडा, इस्त्री करा, मधला मोजा. तो बरोबर ४ इंच यायला हवा. पावणेचार आला तर मार्जिन जास्त जातंय, चिकटपट्टी सुईकडे सरकवा. शिवणीमागे सुताएवढा (इंचाचा आठवा भाग) फरकही चार चौकोनांच्या ओळीत पाव-अर्धा इंच होतो, आणि पुढची बाजू मागच्यापेक्षा मोठी होते ती अशीच.

आता ओळी. सुलट बाजू सुलट बाजूवर, टाचण्या लावून, आधी चार तुकड्यांची एकेक ओळ. सगळ्या सहा ओळी शिवून झाल्या की इस्त्री. पहिल्या ओळीतली सगळी मार्जिनं डावीकडे दाबा, दुसरीतली उजवीकडे, तिसरीतली परत डावीकडे. मग ओळीला ओळ जोडताना दोन विरुद्ध बाजूंना पडलेली मार्जिनं एकमेकांत खाचेसारखी बसतात, बोटाला कळतं बसली ते, आणि तिथेच टाचणी लावायची. चौफुली जुळते ती यामुळे. सगळी एकाच बाजूला दाबली तर जोडाजवळ गाठ येते, सुई अडखळते आणि टीप सरकते.

आपल्याकडे पावसात लाईट जाते आणि पायमशीन मात्र चालत राहतं, इस्त्री बंद. मग होतं काय की शिवायचा हात लागलेला असतो म्हणून आपण इस्त्री गाळून पुढच्या ओळी जोडत सुटतो आणि नंतर वरून इस्त्री फिरवली तरी ती आतली मार्जिनं जिथे पडली तिथेच राहतात. लाईट गेली तर शिवणं थांबवा, बंदाच्या पट्ट्या कापा, धागे छाटा, चहा घ्या. इस्त्री न झालेल्या शिवणीवर दुसरी शिवण आडवी जाऊ द्यायची नाही, हा एक नियम पाळलात तरी पिशवी अर्धी सुधारेल.

तीन ओळी जोडल्यावर तुकडा साडेसोळा बाय साडेबारा इंच यायला हवा. सुतभर कमी-जास्त चालेल, दोन्ही बाजू एकमेकींसारख्या असल्या म्हणजे झालं.

६. तळपट्टी आणि मांजरपाट

जीन्सची पट्टी चौकोनांच्या खालच्या कडेला अर्ध्या इंचावर जोडा. इथून पुढे सगळीकडे मार्जिन अर्धा इंच, तेव्हा ती चिकटपट्टी काढून टाका किंवा सरकवा, विसरायला होतं. सुई १६ नंबरची घाला. मार्जिन जीन्सच्या बाजूला दाबा, कारण चौकोनांकडे आधीच बरेच थर आहेत, आणि सुलट बाजूने जीन्सवर दाबटीप (शिवणीलगत वरून मारलेली टीप) मारा. आता उंची साडेसतरा इंच होईल. कडेचे चौकोन आतल्यांपेक्षा थोडे अरुंद दिसतील तयार पिशवीत, ते बरोबर आहे.

आता मांजरपाट. नुसत्या जोडकामाच्या आत सुटे धागे आणि कच्च्या कडा असतात, मागून आधार नसेल तर नारळाच्या वजनाने शिवणी उघडतात. बकरम चिकटवून बघितलंय मी, धुतलं की फुगे येतात. मांजरपाट खाली पसरा, कडा टेबलाला चिकटपट्टीने सपाट लावा पण ओढू नका, त्यावर जोडकाम सुलट बाजू वर करून, मध्यापासून बाहेर हात फिरवत सपाट करा, आणि मध्यापासूनच बाहेरच्या दिशेने टाचण्या. गोधडीला घालतो तसा हाताने धावदोरा घातला तर अतिशय सुंदर दिसतं आणि घट्ट बसतं, वेळ असेल तर तोच घाला. मशीनने करायचं तर एका इंचात ८-९ टाके ठेवून जोडाच्या खोबणीतून टिपा मारा, पहिली मधली उभी, मग तिच्या दोन्ही अंगांच्या, मग आडव्या. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत गेलात तर शेवटच्या कडेला कापडाची चुणी जमते.

ही टीप किंवा धावदोरा घातल्यावर पॅनल (मांजरपाट लावलेली पिशवीची एक बाजू) थोडं आखडतं, पाव इंचसुद्धा. म्हणून मांजरपाट मोठं घेतलं होतं. आता दोन्ही पॅनल मोजा, जे लहान आहे त्याच्या मापाने दुसरंही कापा, कोपरे गुण्याने काटकोनात आणा. जोडकाम एका बाजूने जास्तच छाटावं लागत असेल तर चारही कडांतून थोडं थोडं काढा.

आणि अस्तर कापायची वेळ आत्ता आली. अस्तराचे दोन तुकडे या आखडलेल्या मापाचेच. आधी साडेसोळा बाय साडेसतराचे कापून ठेवले असते तर अस्तर बाहेरच्यापेक्षा मोठं झालं असतं आणि आत लोंबलं असतं.

७. अस्तर आणि खिसा

खिसा अस्तर सपाट असतानाच लावा. सात बाय बारा इंचाचा तुकडा, सुलट आत करून दुमडा, कडेने शिवा, खाली दोन इंच उघडं ठेवा, उलटवा, इस्त्री. अस्तराच्या वरच्या कडेपासून ३ इंच खाली मध्यावर ठेवून तीन बाजूंनी टीप, दुमडलेली बाजू वर. त्याहून खाली लावला तर मोबाईल काढायला कोपरापर्यंत हात घालावा लागतो.

मग अस्तराचे दोन तुकडे सुलट आत करून दोन्ही कडा आणि तळ शिवा. तळाच्या मध्ये ६ इंच उघडं सोडा आणि त्या उघड्या जागेच्या दोन्ही टोकांना टीप मागेपुढे मारून पक्की करा. पूर्ण पिशवी याच भोकातून बाहेर यायची आहे. मार्जिन अर्ध्या इंचापेक्षा किंचित जास्त घ्या, अस्तर बाहेरच्यापेक्षा जरासं आवळ असलं की आत नीट बसतं. तोंडाजवळचे शेवटचे दीड इंच मात्र अर्ध्यावरच या, नाहीतर तोंड जुळणार नाही.

८. बाहेरची पिशवी आणि तळाचे कोपरे

दोन्ही पॅनल सुलट आत. आधी जीन्स आणि चौकोनांचा जोड दोन्हीकडे जुळवून टाचणी लावा, मग बाकीच्या टाचण्या. हा जोड एकीकडे वर एकीकडे खाली आला तर पिशवी कायम वाकडी वाटते. दोन्ही कडा आणि तळ शिवा, तळाला दोनदा. मार्जिनं बोटाने उघडून इस्त्री.

कोपऱ्यात बाजूची शिवण बरोबर तळाच्या शिवणीवर आणून ठेवा, कोपऱ्याचा त्रिकोण होतो. दोन्ही शिवणी एकावर एक आल्या का हे आरपार टाचणी टोचून बघा. शिवणीच्या टोकापासून, म्हणजे मार्जिन सोडून जिथे टिपा मिळतात तिथून, २ इंच आत या आणि शिवणीला काटकोनात आडवी रेघ काढा, ती दुमडीपासून दुमडीपर्यंत ४ इंच भरायला हवी. भरली तर त्यावर दोनदा टीप मारा, आणि मग अर्धा इंच सोडून टोक कापा. अस्तराच्या कोपऱ्यांनाही हेच.

सावध: आधी कापून मग शिवू नका. चारही कोपरे शिवून, पिशवी उभी करून बघून, मगच कात्री.

९. बंद

जीन्सचे बंद करू नका, चार पदरी जीन्स आणि त्यात तोंडाचे थर, घरच्या मशीनची सुई तिथे मोडते. सुती पट्टीच्या दोन्ही लांब कडा मध्याकडे दुमडून इस्त्री करा, आत नवार ठेवा, पुन्हा दुमडा, दोन्ही कडेला दाबटीप. साधारण एक इंच रुंद बंद तयार होतो, ३० इंच लांब.

पॅनलच्या वरच्या कडेचा मध्य काढा, त्याच्या दोन्ही बाजूंना ३ इंचांवर खूण. बंदाचा मध्य त्या खुणेवर. बंद पॅनलच्या सुलट बाजूला, फास खाली लोंबता, आणि बंदाचं टोक वरच्या कडेच्या बाहेर २ इंच काढून ठेवायचं. हे २ इंच महत्त्वाचे. बहुतेक जणी टोक कडेला कड लावून शिवतात, मग सगळं वजन एका अर्ध्या इंचाच्या टिपेवर येतं, आणि ती बाजारात सुटलेली पिशवी तशीच होती. लांब टोक उलटवल्यावर आत अस्तर आणि पॅनलच्या मध्ये खाली जातं आणि त्यावर शेवटी आपण चौकट टीप मारतो.

पाव इंचावर कच्ची टीप मारून बंद पक्के करा.

तपासा: एका बंदाची दोन्ही टोकं एकाच पॅनलवर आहेत ना? बंदाला पीळ पडलेला नाही ना? दोन्ही बंद उभे धरा, उंची सारखी यायला हवी.

१०. तोंड शिवणं

इथे डोकं शांत ठेवून करा. बाहेरची पिशवी सुलट करा. अस्तर उलटंच राहू द्या. बाहेरची पिशवी अस्तराच्या आत घाला, म्हणजे सुलट बाजूला सुलट बाजू भिडते आणि बंद दोघांच्या मध्ये खाली दडतात. बंद दिसत असतील तर चुकलंय. बाजूच्या शिवणी शिवणींवर जुळवून टाचा, मग मध्य, मग बाकी.

बाजूच्या शिवणीपासून सुरू करून तोंडभर अर्ध्या इंचावर टीप. बंदावर आलात की मशीनच्या पायट्यावरून आपला पाय उचला आणि चाक हाताने फिरवा, बंदावरून तीनदा मागेपुढे जा. मग तळाच्या भोकातून हळूहळू सगळं बाहेर ओढा, आधी बंद नाही, आधी पॅनल. भोक हाताने किंवा मशीनने मिटवा, अस्तर आत ढकला, तोंडाची कड बोटांनी चोळून इस्त्रीने बसवा आणि कडेपासून पाव इंचावर दाबटीप.

आता बंदाची चौकट. आतलं टोक कुठवर आलंय ते बोटाने चाचपा, बंदाच्या रुंदीची आणि दीड इंच उंचीची चौकट खडूने काढा, आत फुली, आणि सगळ्या थरांतून टीप. चार ठिकाणी.

वजन घालून बघा

पिशवी वापरायच्या आधी पाच किलो तांदूळ घालून दाराच्या कडीला तासभर अडकवा. काढल्यावर तोंड, बंदाची चौकट आणि तळाचे कोपरे उजेडात धरा. शिवणीतून दोरे ताणून दिसत असतील तर तिथे आतून आणखी एक टीप मारा, आत्ताच, भोक पडायच्या आधी.

पोई (गोव्याचा पाव) आणायला, भाजीला, नारळाला ही पिशवी उत्तम. नुस्त्याला (मासळीला) मात्र वापरायची नाही, तीन थरांत शिरलेलं पाणी लवकर वाळत नाही आणि वास मांजरपाटात बसतो.

धुताना उलटी करून थंड पाण्यात, गडद कपड्यांबरोबर, आणि बंदाला धरून वाळत घालू नका, भिजलेल्या पिशवीचं वजन बंदावर येतं. तळाच्या बाजूने दोरीवर टाका. वरून सुकलेली वाटली तरी तळाचे कोपरे आतून चिमटीत धरून बघा, पावसाळ्यात तिथे दुसऱ्या दिवशीपर्यंत ओल असते, आणि तशीच घडी घालून कपाटात गेली तर आठवड्यात काळे ठिपके तिथूनच सुरू होतात.